वाराने जेवलेल्यांची गरिबी आणि ज्यांना वार मिळालाच नाही त्यांची

रावपुऱ्याची लेक

बडोद्यातल्या मराठी घरांच्या आठवणी वाचताना एक मुलगा हटकून भेटतो. वडील लवकर गेलेले, आईबरोबर देशावरून नाहीतर कोकणातून आलेला, आठवड्याचे सात वार सात घरी जेवणारा, पुढे संस्थानच्या एखाद्या खात्यात कारकून होऊन दांडिया बाजारात बिऱ्हाड थाटणारा. मराठी आत्मचरित्रांत तर तो इतक्यांदा येतो की गरिबी म्हटलं की तोच डोळ्यांपुढे उभा राहतो. त्याची भूक खरीच होती. पण त्याला पानावर बसवणारी सात घरं या शहरात होती, हे आपण कधी बोलतच नाही.

आता १९१७ सालचं बडोदं बघा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले आणि करार होता म्हणून संस्थानची नोकरी करायला परत आले. अमेरिकेतलं शिक्षण होतं, नोकरी होती, खोलीचं भाडं द्यायला पैसे होते. खोली मिळेना. शेवटी पारशी नाव घेऊन पारशी सरायीत राहिले. बिंग फुटल्यावर काठ्या घेतलेले लोक दारात आले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की एका हिंदू मित्राकडे आसरा मागितला, तर तो म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर ते कमाटी बागेत बसून राहिले.

एकाच्या खिशात दमडी नव्हती, पण त्याला जेवायला बोलावत होते. दुसऱ्याकडे पैसे होते आणि त्याला हाकललं. आपण मात्र गरिबी फक्त पैशात मोजतो, आणि "आम्हीही गरीब होतो, कष्टाने वर आलो" हे आजही कामवालीच्या मुलाला सुनावतो. मला हे अन्यायाचं वाटतं. तुमचं मत काय?

वाघोडिया रोडचा मास्तर

असहमत. आणि वाचून वाईटही वाटलं. माझे आजोबा वाराने जेवले. कोणी प्रेमाने वाढायचं, तर कोणी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर माजघराच्या कोपऱ्यात. बुधवारचं घर कधी पाहुणे आहेत म्हणून परत पाठवायचं, मग त्या दिवशी उपास. पणजी विधवा, लोकांकडे स्वयंपाक करायची, आणि तिला सणाच्या पंगतीत बसता येत नसे. ही घरं उघडी होती म्हणता, तिथे रोज मान खाली घालून शिरावं लागायचं.

दुसरं, ज्या संस्थानात हे घडलं त्या संस्थानने काय केलं हेही लिहा. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते राज्यभर नेलं. मूल शाळेत धाडलं नाही तर पालकाला दंड होता. अंत्यजांच्या, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या, शाळा त्याहून आधीच्या. तिथे शिकवायला हिंदू शिक्षक मिळेनात तेव्हा मुसलमान शिक्षक नेमले, पण शाळा चालवल्या. बाबासाहेबांना शिष्यवृत्ती देणारंही हेच बडोदं होतं. सरकार एक पाऊल पुढे होतं, समाज मागे राहिला. त्याचा जाब वाराने जेवणाऱ्या पोरांना का विचारता?

पादरेकर

दोघंही शहराच्या चार दरवाजांच्या आतच फिरताय. जरा बाहेर शेतात या.

सयाजीरावांच्या आधीचे महाराज बघा. खंडेरावांनी मोत्यांचा गालिचा करवला, चांदीच्या तोफा ओतल्या. मल्हाररावांनी सोन्याच्या ओतल्या. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. हा पैसा बहुतांश शेतसाऱ्याचा. वार लावून जेवलेल्या कारकुनाचा पगार त्यातूनच, आणि मास्तर सांगतात त्या मोफत शाळांचा खर्चही त्यातूनच. कोणाच्या आठवणींत हा सारा भरणारा कुणबी दिसतो का? वाड्यात धान्य "गावाकडून यायचं" एवढंच वाचायला मिळतं. कोणी पिकवलं आणि त्याच्या घरी काय उरलं, याबद्दल एक ओळ नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. सयाजीरावांनी कामातून वेळ काढून आपल्याकडून तो ऐकला, असं त्यांनी उपोद्घातात लिहिलंय. विशीतला राजा शेतकऱ्याची दैना फुल्यांच्या तोंडून ऐकतो, हे मला फार मोठं वाटतं. पण त्याच वर्षांत राजवाड्याचं कामही चालूच होतं.

वाघोडिया रोडचा मास्तर

पादरेकर, राजवाड्याचं काम महाराजांच्या हाती १८८१ च्या अखेरीस कारभार आला त्याच्या आधीच सुरू झालं होतं. आणि त्याच सुमारास आजव्याचं तळंही बांधलं गेलं, ज्याचं पाणी शहर आजही पितं. हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजू मांडा.

मांजलपूरची नंदा

मी इथे सहसा लिहीत नाही, पण मास्तरांच्या पणजीबद्दल वाचलं म्हणून लिहिते.

माझी आजीसुद्धा विधवाच. दांडिया बाजारातल्या एका वाड्यात धुणीभांडी करायची. मास्तर, तुमची पणजी स्वयंपाकघरापर्यंत जायची, माझी आजी न्हाणीपर्यंत. तिथून पुढे नाही. तिची कपबशी मागच्या कोनाड्यात वेगळी. घासलेल्या भांड्यांवर पाणी शिंपडून मगच ती आत घ्यायचे. दोघींच्या हातात महिन्याला पडणारे पैसे कदाचित सारखेच असतील. तुमच्या पणजींचा अपमान खराच, तो मी कमी लेखत नाही. पण त्यांचा मुलगा ज्या घरात जेवला, त्या घरातला कोणीतरी त्याला कचेरीत घेऊन गेला असेल. माझे बाबा शाळेत गेले, त्याचं श्रेय मी महाराजांना मनापासून देते. शिकूनही ते शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. साहेबाकडे शब्द टाकायला आमचं कोणी नव्हतं.

आणि हे जुनं झालं असं कोणी म्हणू नका. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ते सोसायट्यांतही शिरलं आणि नदीकाठच्या वस्तीतही. सोसायटीतली माणसं वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेली, गाड्यांचा विमा होता. माझ्या बहिणीचं शिलाई मशीन गेलं, धान्य गेलं, पोरांची वह्यापुस्तकं गेली. पाणी ओसरल्यावर तिला कामाच्या घरून फोन आला. तुझं घर कसं आहे, असं विचारलं नाही. आमच्याकडे फार चिखल झालाय, लवकर ये, म्हणाले. ती गेली. न जाऊन सांगते कोणाला?

अकोटा ९०

नंदाताई, तुमच्या बहिणीचं ऐकून वाईट वाटलं. पण माझ्या मते हा आता पैशाचा प्रश्न आहे, जातीचा राहिलेला नाही. आमचा वाडा भावकीत वाटला जाऊन बिल्डरकडे गेला. वाट्याला आलेल्या पैशांत मला दोन खोल्यांचा फ्लॅटही येईना. इथे सत्ता व्यापार आणि कारखानदारी करणाऱ्यांकडे आहे, आणि मराठी माणूस, मग कुठल्याही जातीचा, पेन्शन मोजत बसलाय. गरिबांनी एकमेकांचे पूर्वज तपासण्यापेक्षा पगार, भाडं आणि दवाखान्याचं बिल यावर एकत्र यावं.

रावपुऱ्याची लेक

एकत्र यावं हे पटलं. पण फ्लॅट भाड्याने घेताना आडनाव का विचारतात, हे सांगा. पैसे तर दोघांकडे असतात. दलित लेखक बाबूराव बागूल रेल्वेत नोकरीला सुरतेत होते. जात लपवल्याशिवाय त्यांना खोली मिळाली नाही, आणि त्यातूनच त्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा आली. बडोद्याच्या सरायीनंतर कित्येक वर्षांनी, इथून दोन-तीन तासांच्या अंतरावर तेच घडलं. तेव्हाही पगार हातात होता.

मास्तर, तुमच्या आजोबांना मी जाब विचारत नाही. त्यांच्या कष्टांच्या गोष्टीत त्यांना मिळालेली मदतही सांगा, एवढंच मागते आहे.

पादरेकर

आणि धान्य कुठून आलं तेही.

मांजलपूरची नंदा

अकोटा ९०, एकत्र यायचं तर सुरुवात सोपी आहे. किती सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या बायकांना मुख्य लिफ्टने जाऊ देत नाहीत, ते बघा. त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का, आजारी पडल्यावर पैसे कापतात का, तेही विचारा. त्याला ना सरकार लागतं ना कायदा.

वाघोडिया रोडचा मास्तर

नंदाताई, लिफ्टची तशी पाटी आमच्याकडेही आहे. पुढच्या सभेत ती काढण्याचा विषय मी लेखी देतो. पगारी सुट्टीचंही त्यात घालतो, विरोध होईल हे माहीत आहे.

आजोबांबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. ते उपाशी झोपलेत, आणि कचेरीत त्यांना कोणी हात धरून नेलं नव्हतं, परीक्षा देऊन ते लागले. पण परीक्षेची फी कोणी भरली, हे घरात कधी कोणी सांगितलं नाही. आत्याला विचारतो.