जोगजाचं पान: भर घालायची की कात्री लावायची?

उगवतीकडचा (धागाकर्ता)

मंडळी, एका भांडणात पडलोय. तुमचं मत हवंय.

इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहराचं (तिथले लोक सरळ 'जोगजा' म्हणतात) एक ऑनलाइन प्रवासपान आहे. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, पैसे कुणालाच नाहीत, अशा मार्गदर्शिकेतलं. गेल्या वर्षी आम्ही नवराबायको बारा दिवस तिथे होतो आणि हे पान छापून नेलं होतं. पहिल्याच तासाला फजिती. पान म्हणतं, विमानतळ शहरापासून आठ किलोमीटर, बस पकडा. आम्ही उतरलो कुलोन प्रोगोत, शहराच्या पश्चिमेला ४५ एक किलोमीटरवर! आठ किलोमीटरवाला आदिसुचिप्तो हा जुना विमानतळ. जवळजवळ सगळी विमानं २०२० पासून नव्या ठिकाणी उतरतात. तिथून शहरातल्या तुगू स्टेशनपर्यंत २०२१ पासून थेट रेल्वे आहे, चाळीसेक मिनिटं लागतात. हे सगळं पानात होतं, पण पार खाली कुठेतरी, एका ओळीत.

परत आल्यावर दुरुस्तीला बसलो तेव्हा पानाचं खरं दुखणं कळलं. सत्तरच्या वर हॉटेलं, पन्नासेक खानावळी. प्रत्येकाचं वर्णन 'स्वच्छ, घरगुती, यजमान हसतमुख'. अर्ध्यांचे फोन लागत नाहीत. मी एका रात्रीत चाळीस नोंदी उडवल्या. सकाळी दुसऱ्या संपादकाने सगळ्या जशाच्या तशा परत आणल्या, वर शेरा: 'माहिती नष्ट करू नये.'

माझं म्हणणं असं. जे दर वर्षी बदलतं ते अशा पानाने सांभाळूच नये, ते काम फोनवरचा नकाशा करतो. पानाने शहर कसं मांडलंय ते सांगावं. जोगजा एका सरळ रेषेवर वसलंय: उत्तरेला मेरापी ज्वालामुखी, मग तुगू स्तंभ, मालिओबोरो रस्ता, सुलतानाचा क्रातोन म्हणजे राजवाडा, दक्षिणेला पांगुंग क्राप्याक आणि शेवटी समुद्र. या अक्षाला २०२३ साली जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. आणि हे नुसतं पुराण नाही. तिथे पत्ता विचारला की डावीकडे-उजवीकडे कुणी सांगत नाही. लोर, किदुल, वेतान, कुलोन. उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. आमच्या गावाकडे 'देवळाच्या उगवतीला' म्हणतात तसंच. हे चार शब्द आणि मेरापी कुठल्या बाजूला आहे एवढं कळलं की माणूस हरवत नाही. पानात यावर एक अक्षर नव्हतं, आणि हॉटेलं सत्तर!

---

डब्यातली पोळी

दिशाबिशा छान आहेत हो. पण दोन पोरं आणि सासूबाई घेऊन रात्री साडेअकराला स्टेशनावर उतरल्यावर मला 'वेतान'कडे तोंड करून उभं राहायचं नसतं, झोपायचं असतं. प्राविरोतामान भागात राहू की स्टेशनालगतच्या सोस्रोविजायानच्या बोळांत, आणि त्या बोळातलं नेमकं कुठलं दार वाजवू, हे सांगत नसेल तर ते पान कशाला उघडायचं? शहर कसं मांडलंय हे मी घरी परतल्यावर सोफ्यावर वाचेन.

शिवाय आम्ही शाकाहारी. आम्हाला नावं लागतातच.

---

रेल्वेवेडा

विमानतळाबद्दल धागाकर्त्याशी सहमत, पण स्टेशनांचा घोळ त्याहून मोठा आहे, तो लिहा. तिकिटावर 'योग्यकर्ता' छापलेलं असतं ते तुगू. दुसरं स्टेशन लेंपुयांगान, थोडं पूर्वेला. स्वस्त लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात. चुकीच्या स्टेशनावर जाऊन बसलेले प्रवासी मी डोळ्यांनी पाहिलेत (एक मी स्वतः).

आणि प्रंबानान देवळांना जाण्यासाठी पान अजून टॅक्सी सुचवत असेल तर पान लिहिणाऱ्यांना साष्टांग नमस्कार. २०२१ पासून जोगजा ते सोलो विजेवरची लोकल आहे, सुरू झाली तेव्हा कुठूनही कुठेही ८००० रुपिया. स्टेशनाचं नाव मात्र 'ब्रंबानान', ब ने सुरू होणारं. यादीत प खाली शोधत बसलात तर गाडी सुटली.

---

उगवतीकडचा

@रेल्वेवेडा, हे हवं होतं! 'ब्रंबानान' आजच घालतो.

@डब्यातली पोळी, ताई, दार कुठलं ते पान सांगेल, पण दार उघडं आहे का ते नाही सांगणार. मालिओबोरोचंच बघा. फुटपाथवरच्या फेरीवाल्यांकडून बाटिक घ्या, असं पानात रंगवून लिहिलंय. ते फेरीवाले २०२२ च्या फेब्रुवारीत तिथून उठवून 'तेरास मालिओबोरो' नावाच्या दोन बाजारांत बसवले. त्यातल्या दुसऱ्या बाजारातल्यांना पुढे परत हलवलं. एवढ्या मोठ्या बदलाची नोंद व्हायला वेळ लागतो, तर बोळातल्या सात खोल्यांच्या लॉजची कोण ठेवणार?

---

गमेलानची विद्यार्थिनी

मी इंडोनेशिया सरकारच्या दर्मासिस्वा शिष्यवृत्तीवर जोगजात वर्षभर संगीत शिकायला होते. धागाकर्त्यांचा हेतू चांगला आहे, पण कात्री चुकीच्या फांदीवर चाललीये.

साखळी हॉटेलांना तुमच्या पानाची गरज नाही, ती आरक्षणाच्या ॲपवर पैसे भरून वर येतात. पण चार खोल्यांचं लोस्मेन (घरगुती छोटं लॉज), किंवा संध्याकाळी रस्त्याकडेला हातगाडी लावून मूठभर भाताच्या पुड्या (त्याला नासी कुचिंग म्हणतात, मांजरापुरता भात!) विकणारा आंक्रिंगानवाला, यांना जाहिरात परवडत नाही. दलालीशिवाय यांचं नाव कुणी घेत असेल तर ते असं फुकटचं पान. तुम्ही नावं उडवली की प्रवासी आपसूक ॲपवर जाणार. म्हणजे स्वच्छता कोणासाठी केली?

माझ्या घरमालकीणबाईंची खानावळ अशाच एका यादीत होती. दुपारी दोनला पाठीवर पिशवी घेतलेला एखादा परदेशी पोरगा कागद नाचवत यायचा. बाई त्याला आधी बसवून चहा द्यायच्या, मग भाव सांगायच्या. ती नोंद कुणीतरी 'जुनी' म्हणून काढली. खानावळ तिथेच होती.

---

उगवतीकडचा

हे लागलं. पण मग 'स्वच्छ, घरगुती' छापाच्या नोंदींचं काय करू? त्या मालकांनीच लिहिल्यात हे शेंबडं पोरही सांगेल. तुमच्या बाईंची खानावळ त्या गर्दीत बुडालेलीच होती ना?

---

गमेलानची विद्यार्थिनी

मग विशेषणं उडवा, नावं कशाला उडवता? 'हसतमुख' काढा आणि 'सकाळी अकराला संपतं' लिहा. हे लिहायला तिथे जाऊन जेवावं लागतं, एवढाच त्रास.

---

हिशेबी

बाहेरचा म्हणून एक विचारू? तुम्ही लोक हे फुकट का करता? उद्या ती मार्गदर्शिका चालवणारी कंपनी सगळं गुंडाळेल नाहीतर विकेल. तुमचं 'ब्रंबानान' कुठल्या तरी जाहिरातीखाली चमकेल आणि तुम्हाला धन्यवादही नाही.

---

जुना विकीकर

@हिशेबी, शंका रास्त आहे, आणि असं झालेलंही आहे. विकिट्रॅव्हल २००३ साली सुरू झालं, स्वयंसेवकांनी लिहिलेलं. २००६ साली ते इंटरनेट ब्रँड्स या कंपनीने विकत घेतलं. जर्मन मंडळी त्याच वर्षी बाहेर पडली आणि त्यांनी विकिव्हॉयेज काढलं. इंग्रजीवाले २०१२ मध्ये निघाले, विकिमीडियाकडे (विकिपीडिया चालवणारी संस्था) गेले. कंपनीने दोन स्वयंसेवकांना कोर्टात खेचलं, पुढे ते मिटलं, आणि जानेवारी २०१३ मध्ये नवं घर रीतसर सुरू झालं. मजकूर खुल्या परवान्यावर होता म्हणून लोक तो उचलून नेऊ शकले. हॉटेल सोडताना गादी-उशी बरोबर न्यायची मुभा म्हणा ना! तेव्हा विकलं जाईल ही भीती मला वाटत नाही. मला भीती वाटते ती कुणी लिहायलाच येणार नाही याची, आणि रात्रीत चाळीस नोंदी उडवणाऱ्यांमुळे ती वाढते. त्या चाळीसपैकी तपासून किती उडवल्या, धागाकर्ते?

---

उगवतीकडचा

बारा. उरलेल्या अंदाजाने. कबूल.

---

खट्याळ

मूळ मुद्द्याला हात न लावता: 'योग्यकर्ता' वाचून मला आधी वाटलं की मजकूर लिहायला योग्य असा कर्ता शोधताय.

---

गमेलानची विद्यार्थिनी

@खट्याळ, 😄 नाव अयोध्येवरून आलंय असं मानतात. १७५५ च्या गियांती तहात माताराम राज्याचे दोन तुकडे झाले, त्यातलं एक हे. १९७२ मध्ये इंडोनेशियन स्पेलिंग बदललं, त्यामुळे कागदावर 'यो' आलं तरी तोंडात 'जो'च आहे. मराठी मथळ्यात जोगजा लिहावं असं मला वाटतं. रिक्षावाल्याला (बेचाकवाल्याला) 'योग्यकर्ता' म्हणालात तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील.

---

डब्यातली पोळी

मला एक उलटा अनुभव सांगायचाय, कारण इथे सगळे 'ताजं म्हणजे चांगलं' धरून चाललेत. २०२२ च्या जूनमध्ये बोरोबुदुरच्या (जोगजाजवळचं प्राचीन बौद्ध देऊळ) माथ्यावर चढायला परदेशी माणसाला १०० डॉलर लागणार अशी घोषणा झाली होती. कुणीतरी त्याच आठवड्यात ते पानात घातलं. आम्ही पाच जणांचा हिशोब केला आणि बोरोबुदुर रद्द करून टाकलं. तो दर कधी लागूच झाला नाही! ओरड झाली, सरकार मागे हटलं. पान मात्र कितीतरी दिवस तेच सांगत होतं.

---

उगवतीकडचा

ताई, ही तर माझ्याच बाजूची साक्ष झाली. दर लिहू नका, पद्धत लिहा. २०२३ मध्ये माथ्यावर जायला दिवसाला १२०० माणसांची मर्यादा घातली, बरोबर मार्गदर्शक घ्यावा लागतो, आणि दगड झिजू नयेत म्हणून खास विणलेल्या चपला घालायला देतात. तिकिटं दोन वेगळी: एक फक्त खालच्या आवाराचं, दुसरं वर चढायचं. हे न कळल्यामुळे खालूनच परतलेली माणसं मला भेटली. (त्या चपलेला 'उपानत' म्हणतात. आपल्या संस्कृतच्या बाईंनी 'उपानह्' पाठ करून घेतलेला तेव्हा हा शब्द पुढे जावा बेटावर पायात येईल असं वाटलं नव्हतं.)

क्रातोनचंही तसंच. दारं दोन, तिकिटं दोन. उत्तरेच्या चौकाकडून जाणारे पागेलारानचा मंडप पाहतात आणि राजवाडा झाला समजून बाहेर येतात. आतला खरा वाडा दुसऱ्या दाराने, आणि तो दुपारी लवकर बंद होतो. बाहेर कुणीतरी गोड माणूस भेटतो, 'आज राजवाडा बंद आहे, पण विद्यार्थ्यांच्या बाटिक प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस आहे' म्हणतो. तो 'शेवटचा दिवस' रोज असतो. आम्हीही गेलो. भिंतीवर टांगलेलं ते कापड दिसलं की बायको अजून माझ्याकडे बघते.

---

डब्यातली पोळी

पद्धतही बदलते की! २०२३ च्या आधी ह्या चपला कुठे होत्या? तुम्ही बदलणारं आणि न बदलणारं अशी जी रेघ मारताय ती तुमच्या सोयीची आहे. तुम्हाला देवळांत रस आहे म्हणून देवळाच्या चपला टिकाऊ, आणि मला जेवणात रस आहे म्हणून खानावळ नाशवंत.

---

जुना विकीकर

+१. हा प्रतिसाद पानाच्या चर्चेत चिकटवावा इतका चांगला आहे.

---

गमेलानची विद्यार्थिनी

@डब्यातली पोळी, शाकाहाराबद्दल खानावळीच्या नावापेक्षा उपयोगाचं सांगते. गुदेग हा जोगजाचा मानाचा पदार्थ. कोवळा फणस, नारळाचं दूध, ताडगूळ, तासन्‌तास शिजवलेला. आपल्या कुयरीच्या भाजीची गोड चुलतबहीण. लोक 'फणस आहे' म्हणून निर्धास्त मागवतात. ताटात त्यावर क्रेचेक येतं, ते जनावराचं कातडं. शिवाय कोंबडी, अंडं. 'तान्पा क्रेचेक, तान्पा आयाम' म्हणा, म्हणजे ती दोन्ही नकोत. तरी कालथा तोच फिरतो, हे सासूबाईंना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. सांबालमध्ये तेरासी असते, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, त्यामुळे लाल चटणी दिसली की विचारायचंच. निर्धास्त खायचं तर तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि ताहू (टोफू), तेही चटणीशिवाय.

हे पानात 'खाणं' खाली पहिल्या तीन ओळींत हवं. मग त्याखाली नावं. दोन्ही.

---

हिशेबी

तान्पा क्रेचेक. आता जावंच लागणार असं दिसतंय.

---

उगवतीकडचा

ठीक. उडवलेल्या नोंदींतल्या तपासलेल्या बारा पुन्हा बाहेर काढतो, उरलेल्या अठ्ठावीस परत आलेल्या आहेत त्या राहू देतो, फक्त 'हसतमुख' खरवडतो. मला हे पूर्ण पटलेलं नाही, लिहून ठेवा. सत्तर हॉटेलं कोणी वाचत नाही.

एका बाबतीत मात्र ऐकणार नाही. मेरापीवर 'पहाटे चढून सूर्योदय पाहा' असा परिच्छेद पानात होता, सेलो गावातून कसं निघायचं, टॉर्च कुठला, सगळं. ती चढाई २०१८ पासून बंद आहे. हा २०१० साली ३५० हून अधिक माणसं घेतलेला डोंगर. तो परिच्छेद काल पूर्ण काढला आणि जागी दोन ओळींचा इशारा घातला.

---

डब्यातली पोळी

याला माझाही पाठिंबा. पहिल्यांदाच.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत परत जातोय, यावेळी बोरोबुदुरसकट. सोस्रोविजायानमधली पाच-सहा दारं मी स्वतः वाजवून येते. त्या अठ्ठावीसपैकी कुठली कुठली तिथे आहेत त्याची यादी पाठवा.

---

उगवतीकडचा

यादी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली. अकरा आहेत, पाच-सहा नाहीत.

ताजा कलम: आत्ता पान उघडलं. मेरापीचा इशारा कुणीतरी काढून जुना परिच्छेद परत आणलाय. शेरा: 'माहिती नष्ट करू नये.' जेवून येतो, मग बघतो याच्याकडे.