मदत हवी आहे: भावाचा बी.ए.चा फॉर्म ओटीपीवर अडलाय

अबोली:
मुदत संपत आलीय म्हणून घाईत लिहितेय. भावाचा इग्नूचा (इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ) बी.ए.चा फॉर्म भरायचाय. तो आत आहे, त्यामुळे सगळं मलाच करावं लागतंय. डेब आयडीशिवाय (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा सरकारी क्रमांक) फॉर्म पुढे सरकत नाही. त्याच्यासाठी एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिटचं खातं) हवा, एबीसीसाठी डिजिलॉकर (सरकारी कागदपत्रांचं ऑनलाइन खातं), डिजिलॉकरसाठी आधारचा ओटीपी. आणि ओटीपी जातो त्याच्या जुन्या नंबरवर, तो बंद. कुणी यातून मार्ग काढलाय का? सायबर कॅफेत जा असं सांगू नका, जाऊन आलेय.

भटक्या:
सोपं आहे. सिम कंपनीच्या दुकानात जाऊन त्याच नंबरचं नवं सिम घ्या. भावाला सोबत न्या, अंगठा लागतो.

अबोली:
तो तुरुंगात आहे हो. सोबत कसा नेणार?

भटक्या:
माफ करा, लक्षात आलं नाही. मग घरी असलेल्या त्याच्या फोनमध्ये सिम असेल ना? रिचार्ज मारून बघा.

अबोली:
फोन पोलिसांनी जप्त केलाय, सिम त्यातच. अटकेपासून रिचार्ज नाही.

माजी_गुरुजी:
ताई, अर्धी माहिती तुमच्याच मनात राहिली आहे. न्यायबंदी (खटला चालू) की शिक्षाबंदी (शिक्षा झालेला)? मध्यवर्ती कारागृह की जिल्हा? तिथे इग्नूचं अभ्यासकेंद्र आहे का? असेल तर तुम्ही बाहेरून फॉर्म भरूच नका. तिथल्या शिक्षकांना भेटा. फॉर्म आतून जातो आणि बंद्यांकडून फी घेत नाहीत. मी कारागृहात शिकवलंय, म्हणून विचारतोय.

अबोली:
न्यायबंदी. जिल्हा कारागृह, नाव लिहीत नाही. केंद्र नाही. शिक्षकही नाहीत, ऑफिसात विचारलं तर "ऑनलाइन आहे, घरच्यांनी भरा" म्हणाले.

तात्या_कराड:
वकिलामार्फत कोर्टात अर्ज करा आणि फोन सुपुर्दनाम्यावर (जप्त वस्तू हमीवर परत घेणं) सोडवून घ्या. माझ्या पुतण्याची मोटारसायकल अशीच सोडवली.

अॅडव्होकेट_रेवा:
तात्या, मोटारसायकल वेगळी. फोन पुरावा म्हणून न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गेला असेल तर इतक्यात सुटत नाही. सुटला तरी उपयोग काय? सिम नव्वद दिवस वापरात नसलं की नंबर बंद होतो आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. तुमच्या भावाचे ओटीपी उद्या परक्या माणसाकडे जातील. म्हणजे दुरुस्ती आधारमध्येच हवी, फॉर्मच्या मुदतीपेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे.

त्यासाठी त्याचे बोटांचे ठसे लागणार, म्हणजे आधारचं किट (ठसे घेण्याचं यंत्र) आत गेलं पाहिजे. अधीक्षकांच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दुसरी प्रत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्या. कोठडीतल्या माणसाला मोफत विधी साहाय्याचा हक्क १९८७ च्या कायद्यानेच आहे, त्यात उत्पन्नाची अट नाही.

तात्या_कराड:
अर्ज करायला काय जातं? दोन्ही करा की.

रविकिरण:
विषय निघालाय म्हणून विचारतो. आमच्या पोरांना फी भरायला कर्ज काढावं लागतं आणि गुन्हेगारांना फुकट पदवी? वर शिक्षेत माफीही.

अॅडव्होकेट_रेवा:
हा न्यायबंदी आहे. खटला चालू आहे, दोष सिद्ध नाही, तेव्हा माफीचा प्रश्नच येत नाही. आणि वाचन-लेखनाचं म्हणाल तर १९६५ चा संझगिरी खटला बघा. प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते, तेव्हा त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं. सरकार हस्तलिखित छापायला बाहेर जाऊ देईना. उच्च न्यायालयाने जाऊ द्या म्हणून आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

रविकिरण:
तो काळ वेगळा, ती माणसं वेगळी. फीचं उत्तर मिळालं नाही.

माजी_गुरुजी:
फीसाठी वेगळा धागा काढा, मीही तिथे लिहीन. इथे एका मुलाचं वर्ष जातंय.

मेघना_ठाणे:
इंटरनेट नसलं म्हणून अडत नाही. स्वयंप्रभाच्या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचवर फुकट दिसतात, इग्नूची व्याख्यानंही असतात. बराकीत टीव्ही असतो ना? ज्ञानवाणी रेडिओही आहे.

माजी_गुरुजी:
बराकीतल्या टीव्हीवर काय लावायचं हे एकट्या विद्यार्थ्याच्या हातात नसतं. मॅच चालू असताना अर्थशास्त्राचं व्याख्यान लावून दाखवा. आत भरवशाचं एकच, छापील पुस्तक. म्हणून अबोलीताई, फॉर्ममध्ये डिजिटल पुस्तकांचा पर्याय दिसेल, फीत सवलतही दिसेल. त्यावर चुकूनही खूण करू नका. पुस्तकांसाठी घरचा पत्ता द्या. कारागृहाचा दिला आणि मधेच त्याला दुसरीकडे हलवलं तर पार्सल फिरत बसतं. मुलाकतीला जाताना थोडी थोडी न्या. गेटवर तपासणी होते, सगळी एकदम नेली तर अडवतात.

स्वाध्यायांचे प्रश्न फक्त संकेतस्थळावर येतात, ते छापून तुम्हालाच द्यावे लागतील. उत्तरं तो हातानेच लिहिणार, त्यामुळे तिथे तो बाहेरच्या मुलांपेक्षा मागे नाही. ३० टक्के गुण स्वाध्यायांचेच आहेत. लिहिलेले कागद कारागृहाच्या ऑफिसातून रीतसर बाहेर घ्या, झेरॉक्स ठेवा.

आणि परीक्षा! आत केंद्र नाही म्हणजे बाहेर न्यावं लागेल, त्याला कोर्टाची परवानगी आणि पोलीस बंदोबस्त दोन्ही हवेत. जूनची परीक्षा असेल तर वेळापत्रक येण्याची वाट न बघता आधीच अर्ज टाका. वर्षभर अभ्यास केलेली मुलं त्या दिवशी गार्ड मिळाला नाही म्हणून बराकीतच बसलेली मी पाहिली आहेत. फार वाईट वाटतं.

अबोली:
परीक्षेचं डोक्यातच नव्हतं. अर्ज आजच लिहिते. आधारला माझा नंबर जोडला तर चालेल का? तो माझ्या आधारला आधीच आहे.

अॅडव्होकेट_रेवा:
चालतो. एकच नंबर घरातल्या अनेकांच्या आधारला जोडता येतो. भावाची लेखी संमती अर्जासोबत लावा. मुदत टळलीच तर इग्नूच्या प्रादेशिक केंद्राला याच अर्जाची पोच जोडून पत्र द्या. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर इथे केंद्रं आहेत, तुमचा जिल्हा ज्याच्याकडे असेल तिथे.

तात्या_कराड:
आणि सुपुर्दनामा?

अॅडव्होकेट_रेवा:
तात्या, नको.

सुलू:
माझ्या मामेभावाचंही असंच आहे, पण तो शिक्षाबंदी. प्रवेश झाला, मग दुसऱ्या कारागृहात हलवलं, पुस्तकं जुन्या पत्त्यावर गेली. आता कुणाला लिहायचं?

माजी_गुरुजी:
नवीन कारागृहात केंद्र आहे का ते आधी सांगा. आणि नोंदणी क्रमांक तुमच्याकडे आहे ना?