मदत हवी आहे: स्पॅनिशमध्ये शेंगदाण्याची ॲलर्जी कशी सांगायची?

नमस्कार मंडळी, आम्ही दादरला राहतो. दिवाळीच्या सुट्टीत माद्रिद आणि बार्सिलोनाला जायचं ठरलंय. मुलगा नऊ वर्षांचा, त्याला शेंगदाणे आणि काजूची जबरदस्त ॲलर्जी आहे. चमच्याला कूट लागलेलं असलं तरी ओठ सुजतात, श्वास लागतो. इथे कोणाकडेही जेवायला गेलो की आधी ‘कूट घातलंय का?’ एवढं विचारलं की भागतं. तिथे भाषेचीच पंचाईत.

युरोपियन युनियनच्या नियमाप्रमाणे हॉटेलवाल्यांना १४ ॲलर्जीकारक पदार्थांची माहिती द्यावी लागते, त्यात शेंगदाणे आणि काजूही येतात, हे ठाऊक आहे. पण गर्दीच्या वेळी वेटरला नेमकं काय सांगायचं? मी असं लिहून ठेवलंय: ‘मि इखो एस अलेर्खिको अल काकावेते इ अल आनाकार्दो. एस मुय ग्रावे.’ (म्हणजे ‘माझ्या मुलाला शेंगदाणे आणि काजूची ॲलर्जी आहे. खूप गंभीर आहे.’) हे बरोबर आहे का? आणि ‘त्याच तेलात, त्याच भांड्यात केलेलंही चालत नाही’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणतात? मला याचीच जास्त काळजी आहे. कॅटलान भागातल्या (बार्सिलोनाकडच्या) रोमेस्को सॉसमध्ये बदाम किंवा हेझलनट असतात, म्हणजे चटण्या-सॉस सगळेच विचारून घ्यावे लागणार.

मोठ्या अक्षरांत छापलेलं कार्ड थेट स्वयंपाकघरात पाठवलेलं चालतं का? ॲलर्जीची मुलं घेऊन स्पेनला गेलेल्यांनी कृपया सांगा. आणीबाणीचा ११२ नंबर फोनमध्ये आहे, पण त्यावर इंग्रजीत बोललेलं समजतं का? ॲलर्जीचा झटका आला तर द्यायचं इंजेक्शन विमानात जवळ ठेवायला डॉक्टरांचं पत्र कसं घेतलंत, तेही लिहा.