खंडेनवमीला बंदूक पुजताना मला कृतज्ञता वाटते, तुमचं मत काय?

सत्तरीतला बागायतदार:
उद्या खंडेनवमी. कोयते, पिकास, गवत कापायचं मशीन आणि ठासणीची बंदूक, सगळं पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहणार. त्या निमित्ताने मनातलं लिहितोय, पटलं नाही तर खुशाल सांगा पण आधी पूर्ण वाचा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या माझ्यासारख्या साध्या काजू बागायतदाराला या देशात कायद्याने बंदूक बाळगता येते याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. शस्त्र कायदा 1959 चा, त्यातलं कलम 13 काढून वाचा, खरोखर पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा असंच लिहिलंय तिथे (पोलीस चौकशी वगैरे होतेच, ती व्हायलाच हवी). आणि पुढचं कलम 14 म्हणतं की माणसाकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारायचा नाही. म्हणजे भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) दोघेही अर्जाच्या टेबलापुढे सारखे. ब्रिटिशांच्या 1878 च्या कायद्यात गोऱ्यांना सूट होती आणि आपल्या माणसाला परवाना. आमच्या सत्तरीचं तर विचारूच नका, 1852 ला दीपाजी राण्यांनी पोर्तुगीजांविरुद्ध बंड करून नाणूसचा किल्ला घेतला तो काय काठ्यांनी घेतला नव्हता, परक्या सरकारला रयतेच्या हातातल्या शस्त्राची भीती वाटायची ती उगाच नाही. स्वतःच्या सरकारने मात्र कायदा करून विश्वासाने ते आमच्या हातात ठेवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

फोंड्याचा वकील:
बाब, भावना समजली पण दोन गोष्टींची गल्लत होतेय. बंदूक बाळगणं हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाहीच, सुप्रीम कोर्टाने 2023 मध्ये बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हे स्वच्छ म्हटलंय, अमेरिकेसारखी स्थिती इथे नाही. कलम 13 सांगितलंत, पण ते कलम 14 च्या अधीन आहे, सार्वजनिक शांततेसाठी परवाना नाकारता येतो हे पण तिथेच आहे. आणि मुख्य प्रश्न, परवाना पिकासाठी पण मारणार काय? गवा रेडा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, शिवाय आपला राज्यप्राणी. माकडं 2022 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या परिशिष्टात. रानडुक्कर दुसऱ्यात, त्याला मारायला सुद्धा मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मग हातात उरतो तो नुसता आवाज, आणि आवाज गरनालाने (मोठ्या फटाक्याने) पण होतो की.

सत्तरीतला बागायतदार:
वकील साहेब, आवाजच पाहिजे असतो आम्हाला! रात्री डुकरांचा कळप सुरण आणि कणगं उकरत असतो, मी गडग्यावर उभा राहून वर नळी धरून एक बार काढतो आणि कळप डोंगराच्या बाजूने खाली पळतो, संपलं. पण गरनाल आणि बंदूक एक नाही. गरनालाला जनावर सवयीचं होतं आणि मे महिन्यात सुक्या पाचोळ्यावर ठिणगी पडली तर आख्खी बागायत जळायची. ज्यांनी ठासणीची बंदूक कधी हातात घेतली नाही त्यांना वाटतं शेतकरी धडाधड गोळ्या झाडत असेल. अहो दारू मोजून नळीत ओतायची, वर काथ्याचा बोळा, गजाने ठासायचं, मग टोपी बसवायची, एवढं करून पावसाळी हवेत दारू ओलसर झाली असेल तर नुसती फुस्स. परत भरेपर्यंत डुक्कर शेजारच्या वाड्यात पोचलेलं असतं. असल्या हत्याराने कोण दंगा करणार? आणि परवानगीचं म्हणाल तर केरळने 2022 मध्ये पंचायतींच्या अध्यक्षांना अधिकार देऊन परवानाधारकांकडून रानडुकरं मारायची सोय केली. गोव्यात पण ती व्हावी, आम्ही लपूनछपून काही मागत नाही.

सांग्याची नर्स:
मी आरोग्य केंद्रात काम करते, कुठल्या ते सांगणार नाही. वर जे ठासणीचं वर्णन केलंय ते वाचून मला बरं वाटलं नाही कारण त्याच नळीतून निघालेले छर्रे मी माणसाच्या मांडीतून निघताना बघितलेत. एका ठिकाणी भोक पडत नाही हो, पसरतात, काही कातडीखाली दाण्यासारखे हाताला लागतात आणि काही इतके आत जातात की तसेच ठेवून पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागतं, सोबत पँटचा धागा, माती, सगळं जखमेत. आणि दर वेळी एकच कहाणी, अंधारात झुडूप हललं, जनावर वाटलं. रानात गेलेल्या माणसाला सोबत्याचीच गोळी लागली ही बातमी आपल्या पेपरात काय नवीन आहे का? बंदूक पिकाच्या नावावर घ्यायची आणि रात्री चार जणांनी डोक्याला बॅटरी बांधून शिकारीला जायचं हे सांग्यात, काणकोणात, सत्तरीत सगळ्यांना माहिती आहे, फक्त बोलत नाही कोणी. कृतज्ञता कुणाबद्दल वाटायची मग? मला वाटते ती त्या पेशंटच्या बायकोबद्दल, तिने रात्रीच्या रात्री गाडी मिळवून त्याला आणला.

केपेकार:
नर्स बाय, ते बेकायदा शिकारीवाले आहेत, त्यांच्या बंदुका बहुतेक बिनपरवान्याच्याच असणार. परवानाधारकाचं नाव पत्ता हत्याराचा नंबर सगळं सरकारकडे असतं, तो चुकला तर पहिला तोच सापडतो. एकाने दारू पिऊन गाडी ठोकली म्हणून सगळ्यांची लायसन्सं काढून घेतो का आपण?

सांग्याची नर्स:
जखम साफ करताना मला परवान्याचा नंबर दिसत नाही.

म्हापसेकर, सध्या डॅलस:
खूप वर्षं टेक्ससमध्ये आहे, म्हणून थोडं वेगळं बोलतो. मला बागायतदार बाबांची कृतज्ञता पटते पण ती अर्धीच वाटते. तुम्ही सरकारने दिलं म्हणून आभार मानताय, इथली माणसं म्हणतात की हे सरकारने दिलेलंच नाही, ते आमचंच आहे आणि 1791 च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने सरकारला फक्त हात लावायला मनाई केली. 2008 मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाने स्वसंरक्षणासाठी घरात बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं ठरवलं. टेक्ससमध्ये 2021 पासून 21 वर्षांवरच्या बहुतेकांना हँडगन बाळगून फिरायला वेगळं परमिट पण लागत नाही. आणि डुकरांचंच बोलायचं तर इथे रानटी डुकरांनी शेती उद्ध्वस्त केलीय, 2019 पासून खासगी जमिनीत मालकाच्या परवानगीने ती मारायला शिकारीचं लायसन्स सुद्धा लागत नाही. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आमचे शेजारी कशाकशाबद्दल देवाचे आभार मानतात त्यात हे स्वातंत्र्य पण येतं, आणि मी पण त्यात मनापासून सामील असतो. गोव्यातल्या शेतकऱ्याला एका फुसक्या नळीसाठी कचेरीत हेलपाटे मारायला लागतात हे बघून वाईट वाटतं.

पेडण्याची आई:
दादा, टेक्ससचं नाव तुम्ही काढलंत म्हणून विचारते. युवाल्डीच्या शाळेतला गोळीबार पण टेक्ससमध्येच ना? 24 मे 2022, 19 मुलं आणि 2 शिक्षिका. त्या पोराने 18 पूर्ण झाल्या झाल्या कायदेशीर दुकानातून रायफल विकत घेतली होती. आणि तुमच्याकडे बंदुकीने जे लोक मरतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्येने मरतात, म्हणजे चोर दारातून येण्याआधी दुःख घरातच असतं. ज्या घरात नवरा पितो त्या घरात भिंतीवर बंदूक असली की ती उचलावी लागत नाही हो, भांडणात नवऱ्याने नुसतं तिकडे बघितलं तरी बायकोचा आवाज बंद होतो. हे मी ऐकीव सांगत नाही. आणि एवढ्या बंदुका असून तुमची डुकरं कमी झाली का?

म्हापसेकर, सध्या डॅलस:
डुकरं कमी झाली नाहीत, ते खरं आहे, लाखोंनी आहेत. युवाल्डीच्या आठवड्यात मुलीला शाळेत सोडताना हात थरथरत होता. तरीही मला जो हक्क आहे तो दुसऱ्याच्या गुन्ह्यामुळे जाऊ नये असंच मला वाटतं. घरातल्या धाकाबद्दल तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

डिचोलीचा मास्तर:
इतिहास निघालाच आहे तर थोडं माझंही ऐका. 1931 च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नागरिकाला नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क असेल असं होतं. संविधान सभेत ह. वि. कामतांनी तशी दुरुस्ती मांडली, ती फेटाळली गेली. म्हणजे आपल्या लोकांनी हा विचार ऐकून, तोलून बाजूला ठेवला, विसरले नव्हते. ज्यांनी तो बाजूला ठेवला त्यांच्या डोळ्यासमोर फाळणीची कत्तल ताजी होती. आणि गोव्याबद्दल म्हणाल तर पत्रादेवीला 15 ऑगस्ट 1955 ला जे सत्याग्रही सीमा ओलांडून आले त्यांच्या हातात झेंडा होता, बंदूक समोरच्या पोर्तुगीजांकडे होती. आझाद गोमंतक दलवाल्यांनी शस्त्र उचललं हेही खरं, त्यांचं मोल मी कमी करत नाही. पण लहानपणी आम्हाला पत्रादेवीच्या स्मारकावर नेत तेव्हा ज्यांच्यापुढे मान खाली घालायला शिकवलं ते निःशस्त्र होते, त्यामुळे बंदुकीला स्वातंत्र्य म्हणताना माझी जीभ अडखळते.

केपेकार:
मास्तर, पण शेवटी 1961 च्या डिसेंबरात सैन्यच आलं ना? पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार सत्याग्रहाने हलला नाही. आणि कर्नाटकातल्या कोडगूचं (कूर्ग) बघा, कोडवांना ब्रिटिशांपासून शस्त्र परवान्यातून सूट आहे, केंद्राने ती 2029 पर्यंत वाढवली आणि कर्नाटक हायकोर्टाने 2021 मध्ये ती मान्य केली. कैलपोद सणाला ते बंदुकीची पूजा करतात, आपल्या खंडेनवमीसारखीच. सैन्याला त्यांनी करिअप्पा दिले, थिमय्या दिले. बंदूक घरोघरी असली म्हणजे समाज बिघडतो असं काही नाही, संस्कार पाहिजेत.

फोंड्याचा वकील:
कोडगूची सूट त्या समाजाच्या आणि जम्मा (पिढीजात) जमिनीच्या जुन्या परंपरेला दिलीय, ती सगळ्यांना लावता येत नाही. पण बागायतदारांच्या बाजूचं पण एक बोलतो कारण ते कुणी काढलं नाही. दर निवडणुकीला बंदूक पोलीस स्टेशनात जमा करायला सांगतात. 2022 ची विधानसभा 14 फेब्रुवारीला, 2024 ची लोकसभा 7 मेला, म्हणजे काजूच्या ऐन हंगामात. त्याच 2022 ला 10 ऑगस्टला पंचायत, तेव्हा भात उभं. सरसकट सगळ्यांची जमा करू नका, स्क्रीनिंग कमिटीने एकेकाचं बघून ठरवावं असा आदेश आहे. तरी ज्याच्यावर साधी तक्रार नाही असा म्हातारा शेतकरी फडक्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन बसने पोलीस स्टेशनात येतो. हा त्रास खराच आहे आणि त्यावर भांडलं पाहिजे.

सत्तरीतला बागायतदार:
देव तुमचं बरं करो, हे कोणीतरी बोलायला पाहिजे होतं.
आता नर्स बाय आणि पेडण्याच्या ताईंना सांगतो, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. आमच्या भागातली 2020 ची गोष्ट आठवा, गोळावलीला वाघीण आणि तिची तीन पिल्लं विषाने मेली, गुरं मारली म्हणून मेलेल्या गुरात विष घातलं होतं. त्यात बंदूक कुठे होती? माणूस हताश झाला आणि त्याचं ऐकणारं कोणी नसलं की तो विष घालतो, फास लावतो, वीज सोडतो आणि ती वीज माणसाला पण मारते. परवान्याची बंदूक असलेला माणूस निदान नियमाच्या चौकटीत उभा असतो, त्याला काहीतरी गमवायचं असतं.

सांग्याची नर्स:
त्या वाघिणीला गोळी घातली असती तर ती जगली असती का बाब? त्या माणसाला नुकसानभरपाई वेळेवर हातात पडायला हवी होती. भरपाई, सौर कुंपण, रात्री फोन केला तर येणारी वनखात्याची गाडी, हे मागा, मी तुमच्यासोबत सही करते. बंदुकीसाठी नाही करणार.

पेडण्याची आई:
माझं एवढंच म्हणणं आहे की परवाना देताना आणि 2019 पासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं तेव्हा घरातल्या बाईला वेगळं बसवून विचारा. पोलीस येतात, ओटीवर नवऱ्यासोबत चहा घेतात, शेजाऱ्याला विचारतात माणूस कसा आहे, आणि जिला सगळ्यात जास्त माहिती आहे ती आत चहा करत असते.

सत्तरीतला बागायतदार:
ताई, हे मला मान्य आहे. माझ्या वडिलांनी वयाची सत्तरी ओलांडली तेव्हा वारस म्हणून परवाना माझ्या नावावर करून घेतला, तेव्हा आईला किंवा माझ्या बायकोला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? बायको नको म्हणाली असती तर मी अर्ज केला नसता. येत्या ग्रामसभेत मी दोन्ही मांडतो, केरळसारखी रानडुकरांची परवानगी आणि घरच्यांची वेगळी चौकशी. नर्स बाय, भरपाईच्या अर्जाचा नमुना असेल कोणाकडे तर पाठवायला सांगा, आमच्या वाड्यावर काहींचे केळीचे अर्ज अजून पडून आहेत.

सांग्याची नर्स:
पाठवते. पंचनाम्याच्या वेळी फोटो काढून ठेवा, खुरांच्या ठशांसकट, नाहीतर पाळीव गुरांनी खाल्लं म्हणून परत पाठवतात.