मदत हवी आहे: जमिनीच्या नोंदी प्रत्यक्षाशी किती जुळतात, हे देशपातळीवर मोजायचं कसं?

नमस्कार मंडळी,

प्रबंधासाठी नेदरलँड्स आणि रवांडा या दोन देशांच्या जमीन नोंदणी व्यवस्थांची तुलना करते आहे. पहिल्या देशात भूकर नोंदणी (कुठला तुकडा कुणाचा आणि त्याची हद्द कुठली, याची सरकारी नोंद) 1832 पासून चालू आहे. दुसऱ्याने 2009 नंतरच्या काही वर्षांत हवाई छायाचित्रांवर हद्दी आखून, गावातल्याच लोकांना प्रशिक्षण देऊन एक कोटीहून जास्त तुकडे नोंदवले. दोघांना एकच मोजपट्टी लावताना माझं घोडं अडलंय.

सुरुवात जागतिक बँकेच्या 'डूइंग बिझनेस' अहवालातल्या 30 गुणांच्या निर्देशांकापासून केली. नोंदींची विश्वासार्हता, माहितीची पारदर्शकता, देशाचा किती भाग नोंदीखाली आला आणि वाद कसे मिटतात, यांना त्यात गुण होते. बायकांना मालमत्तेत समान हक्क नसतील तर गुण कापले जायचे. कल्पना चांगलीच आहे. पण वेळ आणि खर्च ज्या व्यवहारावरून मोजायचे तो ठरलेला: मोठ्या व्यापारी शहराच्या कडेचं गोदाम, एका कंपनीने दुसरीला विकलेलं, कागद स्वच्छ, वाद नाही. आकड्यांतल्या गडबडीनंतर 2021 मध्ये तो अहवालही बंद झाला.

आता हा तुकडा बघा. बाप वारला, वारस नोंद कुणी केली नाही. तीन भावंडांनी बांध घालून जमीन आपसात वाटून घेतली, एकाने आपला वाटा साध्या कागदावर शेजाऱ्याला विकला. दप्तरी मात्र अजून बापाचंच नाव. नकाशा डिजिटल आहे, उतारा घरबसल्या मिळतो, खरेदीखताची नोंदणी झटपट होते, म्हणजे गुण जवळजवळ पैकीच्या पैकी! पहिली नोंद करणं सोपं, पुढची प्रत्येक विक्री आणि वाटणी दप्तरात आणणं अवघड, आणि फी सरसकट एकच असेल तर लहान तुकडेवाला तिकडे फिरकतच नाही. माझ्या मते व्यवस्थेची खरी परीक्षा इथेच होते, आणि गुणपत्रिकेत नेमकी तीच सुटते.

म्हणून नमुना दोन्ही बाजूंनी घ्यावा असं वाटतं. दप्तरातून काही नोंदी काढून जागेवर जायचं आणि कसतंय कोण ते बघायचं. उलट जागेवरून काही तुकडे निवडून त्यांची नोंद दप्तरात शोधायची. एकच बाजू घेतली तर कधीच न नोंदवलेले तुकडे निसटतात.

अडचणी अशा: नोंद न केलेली विक्री लोक लपवतात, मग प्रश्न विचारायचा कसा? फेरफार नुसता रेंगाळलाय की कायमचा सोडून दिलाय, हे कुठल्या मुदतीवर ठरवायचं? शिवाय 'प्रिंडेक्स'सारख्या सर्वेक्षणात लोकांना जमीन किंवा घर हातून जाण्याची भीती वाटते का, हे विचारतात. ते उत्तर मला मोलाचं वाटतं, पण दप्तर कोरं असूनही गावाच्या भरवशावर माणूस निर्धास्त असू शकतो. मग ते जुळणीच्या आकड्यात मिळवावं की वेगळं मांडावं? माझा कल वेगळं मांडण्याकडे आहे, मार्गदर्शकांचा एकच आकडा काढण्याकडे.

कुणी असं क्षेत्रसर्वेक्षण केलं असेल तर प्रश्नावलीतले शब्द कसे ठेवले होते ते कृपया सांगा. आधी "ही जमीन कुणाकडून आली?" असं विचारून मग कागदाकडे वळावं, की थेट कागदच मागावा? हे ठरल्याशिवाय मला चाचणी फेरी सुरू करता येत नाहीये.