‘अयोग्य प्रकारे’ म्हणजे नेमकं काय?

एकांनी विचारलंय की मनात पाप सलत असेल तर प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) टाळावं का. आधाराला बायबलमधलं १ करिंथ ११:२७ दिलंय, म्हणजे प्रेषित पौलाच्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन: जो अयोग्य प्रकारे ही भाकर खातो किंवा प्याला पितो, तो दोषी ठरतो. तिथला शब्द नीट पाहा: ‘अयोग्य प्रकारे’. मूळ ग्रीकमध्ये ते क्रियाविशेषण आहे. घेणारा किती लायक, हा तिथला प्रश्न नाही. तो कसा घेतो, हा आहे. करिंथात काय चाललं होतं ते २१-२२ वचनांत येतं: काही जण इतरांची वाट न पाहता खाऊन-पिऊन झिंगत आणि गरीब उपाशी राहत. पौलाचा संताप यावर आहे. २८ वं वचन तर परीक्षा करून ‘खावं’ असं सांगतं!

लायक कोणीच नसतो. मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) कम्युनियनआधी, म्हणजे प्रभुभोजन घेण्याआधी, सगळेच येशूकडे आलेल्या रोमन शताधिपतीच्या (सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या) शब्दांत (मत्तय ८:८) ‘मी योग्य नाही’ म्हणतात आणि मग पुढे जातात.

कॅथलिकांसाठी मात्र गंभीर पापाची जाणीव असेल तर आधी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली. कम्युनियनआधी एक तास उपवास. पाणी आणि औषध चालतं, आजारी व वृद्धांना सूट असते. भाकर हातावर घेताना डावा तळहात वर, उजवा खाली. ‘आमेन’ म्हणून तिथंच सेवन करायचं. हातात धरून जागेवर नेणं चूक.

सगळ्या पंथांना लागू पडणारी तयारी मत्तय ५:२३-२४ मध्ये आहे: आधी भावाशी समेट. त्यासाठी रविवारची घंटा होण्याची वाट पाहू नका, शनिवारीच त्याला भेटा.