कायदा सगळ्यांना सारखाच लागू होतो का?

तिखटमीठ: १९ मे २०२४ ची पहाट आठवा. पुण्यात कल्याणीनगरला पोर्शच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला. अट काय, तर ३०० शब्दांचा निबंध! तोच पोरगा एखाद्या गवंड्याचा असता तर?

जुना कोट: निबंध हास्यास्पद होता, मान्य. पण अल्पवयीनांसाठी जामीन हाच नियम आहे, बाल न्याय कायदा कलम १२ वाचा. लोक खवळल्यावर मुलाला निरीक्षणगृहात धाडलं, ते उच्च न्यायालयाने जूनमध्ये बेकायदा ठरवलं. ओरडा झाला की जामीन काढून घ्यायचा हा पायंडा पडला, तर त्यात उद्या गवंड्याचाच पोरगा भरडला जाईल.

तिखटमीठ: आणि रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली, ते कुठल्या कलमात बसतं?

जुना कोट: तो गुन्हा आहे, त्याचं समर्थन मी केलंय कुठे? बाकी गवंड्याचं म्हणाल, तर १९७८ च्या गाजलेल्या जामीन खटल्यातला मोतीराम गवंडीच होता. दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर परजिल्ह्यातला म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सोडलं.

सुपारीफूल: १९७८ राहू द्या, गेल्या वर्षीचं सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा भाऊ, चोरीची केस. जामीन मंजूर, पंधरा हजार आणि एक जामीनदार. चुलता आला, पण सात-बारावर अकरा नावं, म्हणून परत पाठवला. दुसऱ्याच्या रेशनकार्डावर जुना पत्ता. मंजुरीनंतर ५२ दिवस पोरगा आत! मावशी ऑर्डरची झेरॉक्स पिशवीत घालून हिंडायच्या, घड्या पडून पडून शिक्का पुसला. पोर्शवाल्याला मिळालं ते कायद्यात असेलही. माझा राग याला का मिळालं नाही यावर आहे.

जुना कोट: यावर तोडगा आहे की. जामीन मिळूनही सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२३ चा आदेश आहे. पुढे वकील फुकट मिळतो.

सुपारीफूल: सात दिवस म्हणालात ना? मी ५२ लिहिलेत.

तिखटमीठ: कोटसाहेब, आता बोला.

जुना कोट: ऑर्डरची तारीख आणि केस नंबर मला खासगीत पाठवा, ताई. कळवलं होतं का, ते विचारून घेतो.